मालकाचा विमा आणि आपलं सामान



मागच्या आठवड्यात भाचीचा पुण्याहून फोन आला. तिला हडपसरला भाड्याचा फ्लॅट मिळालाय, दोघी मैत्रिणी मिळून राहणार आहेत. भाडं किती, डिपॉझिट किती, कांदा-लसूण न खाणारी मुलगी म्हणून घरमालकीण कशी खूश झाली, हे सगळं सांगून झालं आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "मावशी, ऑफिसातली एक मुलगी सांगत होती, भाडेकरूनंसुद्धा सामानाचा विमा काढायचा असतो. असं असतं का गं? घर तर मालकाचं आहे."

मी भाजी चिरायची थांबवली आणि तासभर बोलत बसले. तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते. आपल्यातल्या कितीतरी घरांतल्या लेकी-सुना आज पुण्या-मुंबईला, बेंगळुरूला भाड्यानं राहतात. आणि आमच्यासारखी जन्मभर भाड्यानं राहिलेली घरंही आपल्यात काही कमी नाहीत, फक्त आपण ते फारसं बोलून दाखवत नाही.

सांगलीच्या गावभागात आम्ही अकरा वर्षं भाड्यानं राहिलो. तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं मोरी. बस्ती चालत पाच मिनिटांवर, त्यामुळं सासूबाईंना ते घर सोडवत नव्हतं. आम्ही राहायला आलो तेव्हाच मालकीणकाकूंनी भिंतीवरची खूण दाखवली होती, २००५ च्या पुराची. गुडघाभर. "यापेक्षा वर काही येत नाही," असं त्या म्हणाल्या आणि आम्हीही ते धरून चाललो. सगळं गावच धरून चाललं होतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी वाढायला लागलं तेव्हा आयर्विन पुलाजवळची पातळी दर तासाला मोबाइलवर यायची. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. आम्ही भिंतीवरची खूण बघून सामान उचललं. गाद्या कॉटवर, मिक्सर आणि मुलाची पुस्तकं टेबलावर, ज्वारीची पोती दोन पाटांवर. फ्रिजखाली विटा लावल्या. सासूबाईंनी पूजेची पिशवी घेतली, मी दागिन्यांचा डबा आणि मुलाचे दाखले घेतले, आणि विश्रामबागला नणंदेकडं गेलो. दोन दिवसांत परत येऊ असं वाटलं होतं.

त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. २००५ पेक्षा साडेतीन-चार फूट जास्त. म्हणजे कॉट गेली, टेबल गेलं, ओटा गेला, गॅसच्या वरची फळीसुद्धा गेली. फक्त माळ्यावरचं राहिलं, आणि माळ्यावर काय होतं, तर दिवाळीचा आकाशकंदील आणि जुन्या पत्रिका.

नवव्या दिवशी दार उघडलं. उघडलं म्हणजे दोन पुरुषांनी खांदा लावून ढकललं, कारण आत फ्रिज आडवा होऊन दाराला टेकला होता. चिखलाचं मी काही लिहीत नाही, ज्यांनी काढलाय त्यांना माहीत आहे. मला अजून आठवतो तो वास. वर्षाची ज्वारी, तूरडाळ, उन्हाळ्यात केलेल्या शेवया आणि पापड, सगळं फुगून आंबलं होतं. त्यात पडलेले जीव बघवत नव्हते. ते धान्य उचलताना सासूबाई सारखा णमोकार म्हणत होत्या आणि मी काहीच म्हणू शकत नव्हते.

चार-पाच दिवसांनी मालकांकडं विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. मालकांनी घर कर्ज काढून दुरुस्त केलं होतं, बँकेनं त्या वेळी घराचा विमा काढायला लावला होता. मला हायसं वाटलं. घराचा विमा म्हणजे घरातल्या सगळ्याचा, असंच मी समजत होते. त्या माणसानं भिंतींची ओल बघितली, फरशी कुठं खचली ते बघितलं, दारांच्या चौकटींचे फोटो काढले. आमच्या गाद्यांचा ढीग दारातच होता. तो ओलांडून तो आत गेला आणि ओलांडूनच बाहेर आला. मी मागं जाऊन विचारलं, "आमच्या सामानाचं लिहिलं ना?" तो नम्रपणे म्हणाला, "ताई, ही पॉलिसी मालकांच्या इमारतीची आहे. तुमचं सामान यात येत नाही."

एक वाटीसुद्धा येत नाही. हे कळायला मला पूर यावा लागला.

सरकारची मदत मिळाली, शहरात कुटुंबाला १५ हजार. नाही म्हणणार नाही, त्या दिवसांत ते पैसे फार उपयोगी पडले. पण फ्रिज, गॅसची शेगडी, दोन गाद्या म्हटलं की ते संपतात. बाकीच्यासाठी माझ्या पाटल्या गहाण पडल्या. त्या सोडवायला दोन वर्षं लागली.

तीन आठवड्यांनी दशलक्षण पर्व आलं. त्या वर्षी माझे उपवास झाले, पण मन काही थाऱ्यावर नव्हतं. नवव्या दिवशी, उत्तम आकिंचन्याच्या प्रवचनात, माझं काहीच नाही असं ऐकत होते आणि डोक्यात मिक्सरच्या किमतीचा हिशोब चालला होता. आणि खरं सांगते, मालकीणकाकूंचा राग होता. त्यांच्या भिंती नव्या रंगवून होणार आणि आमच्या पाटल्या सराफाकडं, हे मला बघवत नव्हतं. त्यांचा काही दोष नव्हता. दोष नसलेल्या माणसाचा राग जास्त दिवस टिकतो की काय कोण जाणे.

क्षमावाणीला मी त्यांच्या दारात गेले. त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "अगं, मी आमच्या विमावाल्याला तुमच्यासाठी विचारलं होतं. तो म्हणाला, भाडेकरूंनी त्यांचा वेगळा काढायला हवा होता, फार पैसे नसतात त्याला." तिथं, त्यांच्या ओट्यावर, मला पहिल्यांदा कळलं की अशी सोय असते.

घरी येऊन मी सासूबाईंना विचारलं, "सामानाचा विमा काढायचा म्हणजे परिग्रहाला अजून घट्ट धरणं नाही का?" मला वाटलं त्या हो म्हणतील आणि विषय संपेल. त्या म्हणाल्या, "आणि पाटल्या गहाण ठेवून परत तेच सगळं आणलंस, त्यात मोह कमी होता होय?" मग पूजेच्या पिशवीतून त्यांनी त्यांची निळी वही काढली. परिग्रहपरिमाण व्रत घेताना त्यांनी मर्यादा लिहून ठेवल्या होत्या. सोनं इतके तोळे, चांदी इतकी, पितळी भांडी इतकी, साड्या इतक्या. पुढं त्याच वहीत घरातली भांडी, कुणी दिली त्या नावांसकट. पुरातून आमच्या घराची एकच यादी वाचली होती आणि ती विम्यासाठी नव्हे, व्रतासाठी केलेली होती. स्तोत्रांची दुसरी वही मात्र गेली. त्यांच्या सासूबाईंच्या हातची होती, शाई धुऊन पानं कोरी झाली. तिच्याबद्दल पुढं येतेच.

प्रश्नाचं पूर्ण उत्तर मला आजही मिळालेलं नाही, ते तसंच ठेवते.

पुढच्या वर्षी आम्ही विश्रामबागेच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं आलो. २०२१ च्या १ एप्रिलपासून विमा नियामकानं सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी एकच साधी पॉलिसी द्यायला लावली, तिचं नाव भारत गृह रक्षा. कंपनी कोणतीही असो, मूळ मजकूर तोच. घरमालक इमारतीचा आणि सामानाचा दोन्ही काढू शकतो. भाडेकरूला फक्त सामानाचा काढता येतो. आम्ही तो काढला. जुलैमध्ये पुन्हा पूर आला, गावभागात पुन्हा पाणी शिरलं. आम्ही वर होतो, आम्हाला काही झालं नाही, आणि आमचे हे म्हणाले, "फुकट गेला हप्ता." हप्ता किती, तर वर्षाचा हजाराच्या आत. आमच्या दुधाचं महिन्याचं बिल त्याच्या दुपटीहून जास्त येतं.

या पॉलिसीत आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, दंगल हे सगळं येतं. पाण्याची टाकी किंवा नळ फुटून झालेलं नुकसानही येतं, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तेच जास्त लागतं. रक्कम ठरवताना ती वस्तू आज नवी घ्यायला किती लागतील ते धरायचं, दहा वर्षांपूर्वी कितीला घेतली ते नाही.

आणखी एक बदल मला फार आवडला. पूर्वी असं असायचं की सामान सहा लाखांचं, विमा तीन लाखांचा आणि नुकसान एक लाखाचं झालं, तर कंपनी म्हणायची तुम्ही निम्म्याचाच विमा काढलाय, म्हणून भरपाईही निम्मी, पन्नास हजार. भारत गृह रक्षामध्ये ही कापाकापी नाही. विम्याच्या रकमेपर्यंत पूर्ण नुकसान मिळतं. तरी मुद्दाम कमी लिहू नका. सगळंच गेलं तर लिहिलंय त्याच्या पुढं छदामही मिळत नाही.

आता चोरी. इथं बहुतेक जणी फसतात. या पॉलिसीत साधी घरफोडी येत नाही. पूर-आगीसारखी घटना घडली आणि त्यामुळं सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती येते. आपण यात्रेला गेलो आणि कुलूप तोडलं, यासाठी घरफोडीचं जोड-संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. थोडे पैसे जास्त जातात, पण तळमजल्यावर राहणाऱ्यांनी किंवा वरचेवर घर बंद ठेवणाऱ्यांनी घ्यावंच. आणि चातुर्मासात महिना-महिना घर बंद ठेवून जाणार असाल तर कंपनीला आधी लेखी कळवा.

दागिने आणि चांदीची भांडी साध्या सामानात धरत नाहीत. मौल्यवान वस्तूंसाठी वेगळा भाग असतो, त्यात आधी किंमत ठरवून घेतात. एकूण पाच लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला मागत नाहीत. पण आता एक तोळाच लाखाच्या पुढं गेलाय, तेव्हा सराफाकडून लिहून आणलेलं बरं.

रोख रक्कम, कागदपत्रं, हस्तलिखितं मुळात येतच नाहीत. ते कलम वाचलं तेव्हा मला ती स्तोत्रांची वही आठवली. विमा असता तरी तिचं काही झालं नसतं. तुमच्या घरात कुणाच्या हातची वही असेल, पत्रं असतील, तर आज दुपारी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा. विमा उद्या काढला तरी चालेल, हे आज करा.

ज्या बायका घरातून साड्या विकतात, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी घेतात, त्यांनी विक्रीचा माल घरसामानात धरू नये. तो धंद्याचा माल होतो, त्याला वेगळी पॉलिसी. माझ्या जावेच्या घरी एका खोलीत लाखाच्या साड्या आहेत आणि तिला हे माहीत नव्हतं.

आम्हाला क्लेम करायची वेळ आली २०२३ मध्ये. दोन दिवस कुंभोज-बाहुबलीला गेलो होतो. परत आलो तर वॉशिंग मशीनला पाणी येणारा पाइप फुटून सगळ्या घरात घोट्याएवढं पाणी. मला क्षणभर गावभागातलंच दार उघडल्यासारखं झालं, हातपाय गळाले. मुलानं आधी नळ बंद केला, मग लाईटचं मेन बंद केलं, आणि मी पुसायला फडकं घेतलं तर ओरडला, "आई, थांब! आधी फोटो."

ते त्यानं फार शहाणपणाचं केलं. कंपनीला त्याच दिवशी कळवलं, मालकांना कळवलं. सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आला. तोवर फुगलेला बॉक्सचा पलंग, गाद्या, खालच्या खणातल्या साड्या, प्रिंटर, काही टाकलं नाही, गॅलरीत लावून ठेवलं. त्यानं नोंदणी केलेला भाडेकरार मागितला. या घरात आम्ही खरंच राहतो, याचा तोच पुरावा. आपल्याकडं अजून बरेच जण नुसत्या स्टॅम्पवर लिहून काम भागवतात. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, तेव्हा मागायला लाजू नका.

आम्ही ४१ हजार मागितले, ३४ हजार मिळाले, दीड महिन्यानं. दोन गोष्टी कापल्या. भिंतीत बसवलेल्या कपाटाचं फुगलेलं प्लाय, ते मालकाचं, आमचं नाही. आणि भिजलेल्या दाखल्यांच्या नव्या प्रती काढायचा खर्च, कारण कागदपत्रं. दोन्ही बरोबरच होतं, मी वाद घातला नाही. कुणावर खरंच अन्याय झाला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं लेखी द्यायचं आणि तिथं समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडं जायचं. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, त्याला फी लागत नाही.

पण एक फटका खिशातून बसला. आमचं पाणी झिरपून खालच्या वहिनींच्या छताचा रंग गेला. त्यांना आम्ही साडेसात हजार दिले. आपल्यामुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई मूळ पॉलिसीत नसते, त्यासाठी वेगळं जोड-संरक्षण घ्यावं लागतं. परदेशात भाडेकरूंच्या विम्यात ते बहुतेक आधीच असतं म्हणे, माझी चुलतबहीण न्यू जर्सीहून सांगत होती. तिच्याकडं तर विम्याचा कागद दाखवल्याशिवाय किल्लीच देत नाहीत. आपल्याकडं कुणी विचारत नाही, म्हणून आपल्यालाच विचारावं लागतं. पुढच्या नूतनीकरणाला मी ते घेतलं.

भाचीचं म्हणणं होतं, "माझ्याकडं आहेच काय मावशी? एक गादी नि एक लॅपटॉप." तिला म्हटलं, आधी लिही. आणि तुझ्या मैत्रिणीचं सामान तुझ्या पॉलिसीत येणार नाही, तिला तिचा काढायला सांग. दुसऱ्या दिवशी तिनं यादी पाठवली, सात ओळी, एकूण ९० हजार. मी व्हिडिओ कॉल लावला आणि एकेक कपाट उघडायला लावलं. चष्मे दोन. हिवाळ्याची जॅकेटं. फिल्टर. इंडक्शन शेगडी. आईनं दिलेला कुकरचा संच. चपला-बुटांचीच बेरीज नऊ हजार झाली, तेव्हा ती स्वतःच हसायला लागली आणि म्हणाली, "एवढं कधी घेतलं मी?" शेवटी आकडा दोन लाख दहा हजारांवर गेला. चार जोड बूट तिनं यादीतून काढले, म्हणाली देऊन टाकते कुणाला तरी.

सासूबाई शेजारीच बसून ऐकत होत्या. आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. म्हणाल्या, "तिला विचार, पदवी झाली तेव्हा मी पितळी तांब्या दिला होता, तो लिहिला का?"

लिहिला नव्हता. तो ओट्याखालच्या खणात, कागदात गुंडाळून ठेवलेला सापडला. आता लिहिलाय, अंदाजे किंमत अठराशे.